आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : लॉस एंजेलिस काउंटीच्या अग्निशमन दलाची शंभर वर्षे

१/
'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण मराठी माणूस बहुधा सरकारी कारभाराला उद्देशून वापरतो. दुखणे एकीकडे आणि उपाय भलतीकडे, हा तिचा रोजचा अर्थ. म्हणीतला 'बंब' पोर्तुगीज 'बोंबा' या शब्दावरून आला आणि त्याचा मूळ अर्थ पाण्याचा पंप. म्हणजे ही म्हण फार प्राचीन नसावी. पंपाने आग विझवण्याची व्यवस्था आली आणि ती चुकीच्या दारी जाऊन उभी राहू शकते हे ध्यानात आले, तेव्हाच ती जन्मली असणार. हा धागा आहे सातासमुद्रापलीकडच्या एका अग्निशमन दलाचा, कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीच्या दलाचा. त्याचा शतकभराचा इतिहास म्हणजे या म्हणीला खोटे पाडण्याचा दीर्घ प्रयत्न आहे, आणि एका रात्री ती खरी ठरल्याची कहाणीही आहे.

२/
आधी भूगोल. अमेरिकेतील काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. लॉस एंजेलिस काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या एक कोटीच्या घरात. तिच्या पोटात ८८ स्वतंत्र शहरे आहेत. लॉस एंजेलिस शहर हे त्यांपैकी केवळ एक; त्याचे अग्निशमन दल वेगळे, १८८६ पासूनचे. या ८८ शहरांच्या मधोमध आणि भोवताली जी भूमी उरते, ती कोणत्याच नगरपालिकेची नाही. डोंगर, दऱ्या, वाळवंट, शेते आणि लाखो लोकांच्या वस्त्या त्यात येतात. तिथे आग लागली तर बंब कोणाचा? या प्रश्नातून काउंटीचे दल जन्मले. आज ते या उरलेल्या भूमीसह सुमारे ६० शहरांचे रक्षण करते. त्याची अग्निशमन केंद्रे पावणेदोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांच्या भरवशावर राहणारी माणसे ४० लाखांहून अधिक.

३/
या दलाचे मूळ मात्र बंबात नाही, झाडांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी काउंटीने नेमलेला जो अधिकारी होता, त्याचा हुद्दा 'वनाधिकारी आणि अग्निपाल' असा दुहेरी होता. रस्त्याकडेची झाडे जगवणे आणि डोंगरावरचे वणवे रोखणे ही त्याची कामे. आजही दलाच्या प्रमुखाच्या पदनामात ही जुनी जोड टिकून आहे. ही जोडी वरवर विजोड वाटते, परंतु तिच्यामागे पाण्याचा हिशोब होता. सॅन गॅब्रिएल पर्वताच्या उतारांवर 'चॅपरल' नावाचे खुरटे, चिवट, तेलकट पानांचे झुडूप वाढते. उन्हाळ्यात ते सरपणासारखे पेटते. पण तेच झुडूप माती धरून ठेवते. ते जळाले की पुढच्या पावसात डोंगर खाली उतरतो.

४/
याचा पुरावा फार वाट न पाहता मिळाला. नोव्हेंबर १९३३ मध्ये ला क्रेसेंटा खोऱ्याच्या वरचे उतार वणव्यात जळून गेले. वर्ष संपता संपता मोठा पाऊस झाला आणि १९३४ च्या नववर्षदिनाच्या आरंभी चिखल, दगड आणि ओंडके यांचा लोंढा खोऱ्यातील घरांवर कोसळला. चाळीसहून अधिक माणसे दगावली. आग विझून सहा आठवडे उलटले होते, तरी तिचे बळी अजून जायचे होते. आग ही एका दिवसाची घटना नसते, तिच्या आधी कोरडा उन्हाळा असतो आणि नंतर पावसाळा. वनाधिकारी आणि अग्निपाल हे एकच पद का असावे, याचे उत्तर त्या चिखलात होते.

५/
जंगल राखणाऱ्या या खात्याकडे वस्त्यांची जबाबदारी आली ती १९२० च्या दशकात. तेलाचे साठे, चित्रपटांचे कारखाने, संत्र्यांच्या बागा आणि त्यांच्या मागोमाग आलेली माणसे यांनी शहरांच्या हद्दींबाहेरची जमीन भरत चालली होती. अशा वस्त्यांना नगरपालिका नव्हती आणि म्हणून बंबही नव्हता. उपाय म्हणून 'अग्निसंरक्षण जिल्हे' आखण्यात आले. त्या आखणीतील मालमत्तांवर स्वतंत्र कर बसवायचा आणि त्या पैशांतून तिथले केंद्र, तिथली गाडी, तिथले जवान उभे करायचे, अशी ही रचना होती. कल्पना साधी होती, पण तिच्यात एक मोठे तत्त्व होते. बंबाची हद्द नगरपालिकेच्या हद्दीने ठरवायची गरज नाही. ती वाचवायच्या घरांनी ठरवता येते.

६/
या तत्त्वाची खरी परीक्षा झाली लेकवुडमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर घेवड्याच्या शेतांवर अवघ्या तीन वर्षांत साडेसतरा हजार घरे उभी राहिली. शेजारचे लाँग बीच हे शहर या वसाहतीला आपल्यात सामावून घेऊ पाहत होते, आणि रहिवाशांना ते नको होते. स्वतंत्र शहर व्हायचे तर पोलीस, रस्ते, ग्रंथालय, अग्निशमन असे सगळे नव्याने उभारावे लागणार, आणि तेवढा पैसा कुठून आणणार? १९५४ मध्ये लेकवुडने तोड काढली. ते स्वतंत्र शहर झाले, पण बहुतेक सेवा काउंटीकडून करारावर घेतल्या आणि आगीसाठी काउंटीच्या अग्निसंरक्षण जिल्ह्यातच राहिले. या 'लेकवुड योजने'चे अनुकरण करीत पुढील वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियात अनेक नवी शहरे निघाली. शहरे वाढत गेली, पण त्यांच्या रस्त्यांवरून धावणारा बंब एकाच दलाचा राहिला.

७/
अशा केंद्राच्या आत काय असते? आपण सरसकट ज्याला बंब म्हणतो, त्याच्या तिथे अनेक जाती आहेत. 'इंजिन' म्हणजे पंप, नळ्या आणि पाण्याची टाकी असलेली गाडी. आग विझवणारी खरी हीच. 'ट्रक' म्हणजे लांब शिडीची गाडी; तिचे जवान छपराला भोक पाडून धूर बाहेर काढतात, दारे फोडतात, अडकलेल्यांना उतरवतात. 'क्विंट' या दोहोंची कामे एकत्र करते. 'पेट्रोल' ही कच्च्या वाटेने डोंगरात शिरणारी छोटी गाडी आणि 'वॉटर टेंडर' म्हणजे नळ नसलेल्या मुलखात पाणी वाहून नेणारा टँकर. प्रत्येक गाडीला तिच्या केंद्राचाच क्रमांक असतो. त्यामुळे रेडिओवर नुसता क्रमांक ऐकला तरी जाणकाराला कळते की मदत कोणत्या गल्लीतून निघाली आहे आणि तिला अजून किती अंतर कापायचे आहे.

८/
या गाड्यांमध्ये एका नावाला तिथल्या जुन्या जवानांच्या मनात खास स्थान आहे, ते म्हणजे 'क्राउन फायरकोच'. क्राउन ही लॉस एंजेलिसमधलीच कंपनी. तिची ओळख मुख्यतः शाळेच्या बसगाड्यांसाठी होती. १९५१ पासून १९८५ पर्यंत तिने बंब बांधले. पुढे सपाट नाक असलेली, भक्कम चौकटीची ही गाडी. आरंभी तिच्यात हॉल-स्कॉटचे पेट्रोल इंजिन असे, पुढे डिझेल आले. दक्षिण कॅलिफोर्नियाची केंद्रे कित्येक वर्षे या गाड्यांनी भरलेली होती. शेजारच्या कारखान्यात घडलेला बंब शेजारचीच घरे वाचवत होता, आणि ज्या हातांनी मुलांना शाळेत नेणारी गाडी बांधली, त्याच हातांनी त्या मुलांच्या घरी धावून जाणारी गाडीही बांधली होती. औद्योगिक इतिहासात असा जवळचा संबंध फार काळ टिकत नाही. तोही टिकला नाही.

९/
१९६० च्या दशकाच्या अखेरीस या दलाने जे केले, त्याचा परिणाम आगीपेक्षाही मोठा ठरला. त्या काळी अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला रुग्णालयात नेणे म्हणजे केवळ 'नेणे' असे. अनेक गावांत रुग्णवाहिका चालवण्याचे काम अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांकडे होते, कारण आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. वाटेत उपचार जवळपास नव्हतेच. १९६६ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयोपचाराची साधने गाडीत घालून रुग्णाच्या दारी न्यायला सुरुवात केली. ती कल्पना अटलांटिक ओलांडून आली तेव्हा एक अडचण पुढे आली. इतके डॉक्टर आणायचे कुठून?

१०/
लॉस एंजेलिस काउंटीत हार्बर जनरल रुग्णालयाचे डॉ. मायकल क्रायली यांनी उत्तर शोधले ते अग्निशमन केंद्रात. रुग्णालये मोजकी होती, केंद्रे मात्र प्रत्येक वस्तीजवळ होती. तिथे चोवीस तास सशक्त, शिस्तीची आणि संकटाला सरावलेली माणसे जागी असत. त्यांनाच शिकवले तर? डिसेंबर १९६९ मध्ये सहा जवानांची पहिली तुकडी प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. मायामी, सिअ‍ॅटल, पिट्सबर्ग येथेही त्याच सुमारास असे प्रयोग चालू होते. पिट्सबर्गमध्ये तर कृष्णवर्णीय तरुणांच्या 'फ्रीडम हाउस' सेवेने ही वाट आधीच चोखाळली होती. लॉस एंजेलिसमध्ये पेच होता कायद्याचा. डॉक्टर वा परिचारिका नसलेल्या व्यक्तीने इंजेक्शन देणे बेकायदा होते. म्हणून आरंभी प्रत्येक धावपळीत जवानांसोबत परिचारिकेला जावे लागे. शिकलेले हात रुग्णाच्या शेजारी असत, आणि तिच्यावाचून त्यांना सुई उचलता येत नसे.

११/
काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे सदस्य केनेथ हान यांनी हा पेच राज्याच्या विधिमंडळात नेला. 'वेडवर्थ-टाउनसेंड कायदा' संमत झाला आणि प्रशिक्षित पॅरामेडिकला जीव वाचवण्याचे उपचार करण्याची मुभा मिळाली. विधेयकाला विरोधही होता. गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. हान यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, सही करताना रेगन आपल्या वडिलांविषयी बोलले. १९४१ मध्ये वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा शहराच्या हद्दीच्या कारणावरून रुग्णवाहिका त्यांच्यापर्यंत येऊ शकली नव्हती. जुलै १९७० मध्ये सही झाली. अशा प्रकारचा हा देशातील पहिला कायदा मानला जातो. नकाशावरची एक रेघ एका घरात मरण घेऊन आली होती, आणि जवळजवळ तीन दशकांनी त्याच घरातल्या मुलाच्या सहीने दुसरी एक रेघ पुसली गेली.

१२/
हा बदल देशभर पोहोचवला तो दूरचित्रवाणीने. १५ जानेवारी १९७२ रोजी एनबीसी वाहिनीवर 'इमर्जन्सी!' ही मालिका सुरू झाली. तिचे 'केंद्र ५१' काल्पनिक होते, पण इमारत खरी होती, कार्सन येथील केंद्र १२७. दलाचे अधिकारी जेम्स पेज तांत्रिक सल्लागार होते. दोन पॅरामेडिक एका छोट्या लाल डॉज गाडीतून, म्हणजे 'स्क्वॉड'मधून धावत जात. नारिंगी पेटीतील बायोफोनवरून डॉक्टरांशी बोलत, हृदयाचा आलेख पाठवत आणि मग सलाइन लावत. स्क्वॉडमध्ये रुग्णाला झोपवण्याची सोय नव्हती. रुग्णवाहिका खासगी असे, एक पॅरामेडिक तिच्यात बसे आणि दुसरा स्क्वॉड घेऊन मागोमाग येई. प्रत्यक्षातही तीच रीत होती. ज्या गावांत अशी सेवा नव्हती, तिथले प्रेक्षक विचारू लागले, 'आमच्याकडे हे का नाही?'

१३/
मालिकेतील 'इंजिन ५१'ची कथा एखाद्या निवृत्त कलावंतासारखी आहे. १९७३ चा हा वॉर्ड लाफ्रान्स बनावटीचा बंब चित्रीकरण संपल्यावर शोभेची वस्तू झाला नाही. तो योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात गेला आणि तिथे वर्षानुवर्षे खऱ्या आगी विझवत राहिला. काल्पनिक आगी विझवून ख्याती मिळवलेल्या गाडीने खरी नोकरी केली ती प्रसिद्धीपासून दूर. पुढे ती परत आली. आज बेलफ्लॉवर येथील काउंटीच्या अग्निशमन संग्रहालयात 'इंजिन ५१' आणि 'स्क्वॉड ५१' शेजारी शेजारी उभ्या आहेत. कार्सनच्या केंद्र १२७ ला मालिकेचे निर्माते रॉबर्ट सिनेडर यांचे नाव देण्यात आले आणि ५१ हा क्रमांक युनिव्हर्सल सिटीतील खऱ्या केंद्राला मिळाला. कल्पनेने वास्तवाकडून घेतलेले कर्ज असे व्याजासह फिटले.

१४/
मात्र ज्या वर्षी पॅरामेडिक कायद्यावर सही झाली, त्याच वर्षीच्या शरद ऋतूत 'आग रामेश्वरी'चा भीषण प्रयोग कॅलिफोर्नियाने पाहिला. सप्टेंबर-ऑक्टोबर १९७० मध्ये तेरा दिवसांत राज्यभर वणवे पेटले. १६ माणसे मेली, सातशेहून अधिक बांधकामे जळाली, पाच लाख एकरांहून अधिक प्रदेश खाक झाला. शौर्याची आणि बंबांची वाण नव्हती. उणीव होती ती एका भाषेची. प्रत्येक दलाची रेडिओ वारंवारिता वेगळी, हुद्दे वेगळे, शब्दही वेगळे. 'टँकर' म्हटल्यावर एकाला पाण्याची गाडी दिसे, तर दुसऱ्याला पाणी टाकणारे विमान. मदतीला आलेले बंब कोणाच्या हुकमाने चालायचे, हेच ठरलेले नसे.

१५/
यातून 'फायरस्कोप' हा प्रकल्प उभा राहिला. केंद्रीय वनसेवा, राज्याची वन व आपत्कालीन खाती, लॉस एंजेलिस शहराचे दल आणि लॉस एंजेलिस, व्हेंचुरा, सँटा बार्बरा या तीन काउंट्यांची दले एकत्र बसली. त्यांनी घडवलेल्या पद्धतीला 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम' म्हणतात. घटनास्थळी नेतृत्व एकसूत्री. सर्वांचे शब्द समान. एका अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन ते सात माणसे, शक्यतो पाच. कामांची वाटणीही ठरलेली: प्रत्यक्ष कारवाई, नियोजन, रसद आणि वित्त. आग वाढली की रचना वाढते, आग ओसरली की रचना आकसते. ऐकायला हे कार्यालयीन आणि रूक्ष वाटते. पण धुराने कोंदलेल्या दरीत आपल्या तुकडीला परत फिरण्याचा हुकूम कोण देणार, हे आधीच माहीत असणे म्हणजे काय, ते त्या दरीतल्या माणसालाच कळेल.

१६/
इथे या कहाणीचा एक धागा थेट आपल्या दारी येतो. ही पद्धत आगीपुरती न राहता पूर, भूकंप, दहशतवादी हल्ले अशा सर्व आपत्तींसाठी अमेरिकेने स्वीकारली आणि २००४ मध्ये ती राष्ट्रीय चौकटीचा भाग झाली. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने तिलाच भारतीय प्रशासनाच्या साच्यात बसवून जुलै २०१० मध्ये 'इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम'ची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या रचनेत जिल्हा पातळीवर जबाबदार अधिकारी असतो जिल्हाधिकारी. कोल्हापूर-सांगलीचा महापूर असो की कोकणातील दरड, कोणी कोणाचे ऐकायचे आणि रसद कोणी पुरवायची याचा जो तक्ता आपत्ती व्यवस्थापनात शिकवला जातो, त्याचे बी १९७० च्या कॅलिफोर्नियातील राखेत पडलेले आहे.

१७/
काउंटीच्या दलात आणखी एक हद्द आहे आणि तिच्याविषयी बोलताना अनेकांना अवघडल्यासारखे होते. कॅलिफोर्नियात १९४० च्या दशकापासून वणव्यांशी लढण्यासाठी कैद्यांची पथके वापरली जातात. काउंटीचे दलही डोंगरांतील तळांवर अशी पथके बाळगते. कुदळ, फावडे, करवत घेऊन हे लोक वणव्याच्या वाटेतील झुडपे तोडतात आणि उघड्या जमिनीचा पट्टा काढतात. काम स्वेच्छेचे, शिक्षेत सूट देणारे, पण मोबदला अनेक वर्षे दिवसाला काही डॉलरचाच होता. बाहेर पडल्यावर गुन्ह्याच्या नोंदीमुळे हीच माणसे अग्निशमनाच्या नोकरीला मुकत. २०२० मध्ये राज्याने कायदा करून अशा माणसांना ती नोंद पुसून मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची वाट उघडली.

१८/
२६ ऑगस्ट २००९ रोजी सॅन गॅब्रिएल पर्वतात कुणीतरी लावलेली 'स्टेशन फायर' नावाची आग एक लाख साठ हजार एकरांवर पसरली. ३० ऑगस्टला तिने माउंट ग्लिसनवरील तळ १६ ला घेरले. तळावर कैद्यांची पथके आणि कर्मचारी होते. कॅप्टन टेडमंड हॉल आणि अग्निशमन तज्ज्ञ आर्नाल्डो क्विनोनेस हे दोघे त्या माणसांच्या बचावासाठी गाडी घेऊन आगीच्या दिशेने निघाले. धूर आणि ज्वाळांत त्यांची गाडी डोंगरकड्यावरून कोसळली आणि दोघेही मृत्यू पावले. तळावरची माणसे वाचली. दलाच्या स्मृतीत ही दोन नावे कोरलेली आहेत. समाजाने ज्यांना हद्दीबाहेर टाकले होते, त्यांच्यासाठी दोन माणसांनी प्राण दिले, ही नोंद कोणत्याही न्यायालयात पुसली जाणार नाही.

१९/
आता ती रात्र. ७ जानेवारी २०२५. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे सँटा अ‍ॅना वारे वादळासारखे सुटले होते. सकाळी पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये आग लागली आणि दले तिकडे धावली. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर ईटन दरीत दुसरी आग पेटली. तिच्या पायथ्याशी होते अल्टाडीना, कोणत्याही नगरपालिकेत नसलेले, थेट काउंटीचे गाव. ज्या वस्त्यांसाठी हे दल शंभर वर्षांपूर्वी जन्मले, अगदी तसे. १९९४ पासून क्यूबेकहून भाड्याने येणारी आणि तलावावरून सरकत काही सेकंदांत सहा हजार लिटर पाणी उचलणारी 'सुपर स्कूपर' विमाने दलाच्या दिमतीला होती. पण त्या वाऱ्यात त्या रात्री विमाने आणि हेलिकॉप्टर यांचा उपयोग उरला नाही. नळांमधील दाबही खचला. दल एकदोन मोठ्या वणव्यांसाठी सज्ज होते, चार वणव्यांसाठी नव्हे, असे दलप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी जाहीरपणे सांगितले.

२०/
अल्टाडीनाच्या मधून लेक अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता उत्तर-दक्षिण जातो. या रस्त्याला इतिहास आहे. बँका आणि घरविक्रेते कृष्णवर्णीयांना अनेक वस्त्यांत घर घेऊ देत नव्हते, त्या काळात लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेला त्यांना जागा मिळाली. पिढ्यान्पिढ्यांच्या कष्टाने तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मालकीची घरे उभी राहिली. घरमालकीचे त्यांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी अधिक. त्या रात्री पूर्व भागाला घरे सोडण्याचा आदेश संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गेला. पश्चिम भागाला तो गेला पहाटे तीननंतर, आग तिथे पोहोचून गेल्यावर. गाड्यांच्या नोंदींवरून वृत्तपत्रांनी पुढे दाखवून दिले की निर्णायक तासांत बहुतेक बंब रस्त्याच्या पूर्वेलाच होते. ईटनच्या आगीने नऊ हजारांहून अधिक बांधकामे गिळली. १९ माणसे मेली. ती जवळजवळ सर्व लेक अ‍ॅव्हेन्यूच्या पश्चिमेची.

२१/
काउंटीने नेमलेल्या स्वतंत्र समीक्षेचा अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. त्याने कोणा एकाकडे बोट दाखवले नाही. जुनी झालेली धोरणे, विसंगत पद्धती, अपुरी साधने, संपर्कातील दुबळेपणा आणि घरे सोडण्याचा आदेश नेमका कोणी द्यायचा याविषयीची अस्पष्टता अशी कारणांची साखळी त्याने मांडली. १९७० चे दुखणेच जणू नव्या नावाने परतले होते. बंब नव्हते असे नाही, माणसे झोपली होती असेही नाही. त्या रात्री जवानांनी अनेकांना जळत्या घरांतून उचलून बाहेर आणले, आणि हजाराच्या आसपास कैदी त्या आठवड्यांत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वणव्यांशी झुंजत होते. तरीही एका रस्त्याच्या पलीकडे पहाटेपर्यंत इशारा गेला नाही. आग पश्चिमेला आणि बंब पूर्वेला.

२२/
इतिहासाचा अभ्यासक अशा ठिकाणी निवाडा करण्याची घाई करीत नाही, पण तो आकृती मात्र पाहतो. या दलाच्या शतकात जे जे उत्तम घडले, ते कोणती ना कोणती रेघ ओलांडल्याने घडले. वनरक्षक आणि अग्निशामक यांच्यातली, शहर आणि पडीक भूमी यांच्यातली, डॉक्टर आणि जवान यांच्यातली, एका दलाच्या शब्दकोशातली आणि दुसऱ्याच्या, कैद्याच्या जिवातली आणि स्वतंत्र माणसाच्या. आणि जे वाईट घडले, ते एखादी रेघ कोणाच्या लक्षात न येता तशीच राहिल्याने घडले. लेक अ‍ॅव्हेन्यूची रेघ कोणत्याही अग्निशमन नकाशावर काढलेली नव्हती. ती घरांच्या किमतींत होती, जुन्या करारनाम्यांत होती, आणि त्या रात्री ती मृतांच्या यादीत उमटली.

२३/
अल्टाडीनाच्या पश्चिम भागात राहणाऱ्यांनी आता एकच प्रश्न लावून धरला आहे: आम्हाला वेळेत का सांगितले गेले नाही? हा प्रश्न केवळ तक्रारीचा नाही. अग्निसंरक्षणाचा कर भरून शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी पहिले केंद्र मागितले, लेकवुडमध्ये ज्यांनी करार केला, मालिका पाहून ज्यांनी आपल्या गावासाठी पॅरामेडिक मागितले, त्यांचा प्रश्नही मुळात हाच होता. अग्निशमन केंद्र ही केवळ इमारत नसते आणि इंजिन ही केवळ गाडी नसते. तो अंतराविषयी दिलेला शब्द असतो: तुमच्या दाराशी संकट येईल तेव्हा आम्ही इतक्या मिनिटांच्या अंतरावर असू.

२४/
बेलफ्लॉवरच्या संग्रहालयातल्या लाल गाड्यांपुढे मुले छायाचित्रे काढतात, ते योग्यच आहे. पण त्या गाड्या पाहताना त्यांच्या बाजूवरचा क्रमांकही पाहावा. तो सांगतो की ही गाडी कोणत्या वस्तीची आहे आणि कोणासाठी निघणार आहे. ज्यांच्या अंगणापर्यंत एखादा क्रमांक कधी पोहोचला नाही, त्यांची नोंद संग्रहालयात सहसा नसते. ती ठेवणे हे इतिहासाचे काम. रामेश्वरी आग लागली तेव्हा सोमेश्वरी गेलेला बंब प्रामाणिकपणेच धावत होता. त्याला रस्ता कोणी दाखवला आणि रामेश्वरीची हाक कोणापर्यंत पोहोचली नाही, हे म्हण सांगत नाही. ते शोधून काढावे लागते.

(धागा समाप्त)